पेठेतली जुनी नाक्याची इमारत पाडायची म्हणतायत, काय करता येईल?

पेठकर_बालाघाट

नमस्कार मंडळी. गाव धाराशिव जिल्ह्यातलं, बार्शीच्या अंगाला. नाव मुद्दाम टाकत नाही कारण गावात यावरून सध्या दोन पार्ट्या पडल्यात.

आमच्याकडं वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत एकच सरळ पेठ आहे, दोन्हीकडं ओटे, ओट्यामागं दुकानं, आणि मधोमध काळ्या घडीव दगडाची एक दुमजली इमारत, तिला सगळे नाका म्हणतात. खाली पाच खण, वर सागवानी सज्जा, आतून माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं छत. आजोबा सांगायचे की निजामाच्या काळात तिथं करोडगिरीची, म्हणजे जकातीची, कचेरी होती, बार्शीकडून येणाऱ्या बैलगाड्या समोर उभ्या करून माल तपासायचे. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर तिथं मराठी शाळा भरायला लागली, वडील तिथंच शिकले, मग ७२ च्या दुष्काळात धान्याचं गोदाम झालं, मग बँक आली ती बरीच वर्षं राहिली, तिनं आत एका खोलीला काँक्रीट करून लोखंडी दार बसवलं ते अजून आहे, बँक फाट्यावर गेली तेव्हा वर वाचनालय आणि खाली रेशन दुकान चालू झालं, आणि तेही बंद पडून आता नुसतं कुलूप आहे. मागच्या पावसाळ्यात मागल्या भिंतीचा एक कोपरा ढासळला.

आता ग्रामपंचायतीत चाललंय की इमारत धोकादायक आहे, पाडा आणि तिथं गाळे काढा. मला हे अजिबात पटत नाही. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराचा ह्या इमारतीशी काही ना काही संबंध आलाय, कोणी तिथं बाराखडी शिकलं, कोणी तिथून पीककर्ज उचललं. पण नुसतं वारसा वारसा म्हणून गावात कोणी ऐकणार नाही, हातात काहीतरी ठोस पाहिजे. पाडणं थांबवायला कोणते कागद काढावे लागतात, दुरुस्ती खरंच होण्यासारखी असते का, आणि दुरुस्त केली तर पुढं तिथं काय चालवायचं, कोणाला अनुभव असेल तर सांगा.

अजून एक, दारावर उर्दूत कोरलेला दगड आहे, गावातल्या एका चाचांनी १३३१ असा आकडा वाचला. त्यावरून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सातशे वर्षांची इमारत असं फिरायलंय. हा नक्की कोणता सन?

निजामी_दफ्तर

सातशे वर्षं नक्कीच नाही. हैदराबाद संस्थानाचा सरकारी कारभार फसली, म्हणजे महसुली, सनावर चालायचा. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १३३१ फसली म्हणजे १९२१-२२. दोन वर्षं लिहायची कारण तिकडचं फसली वर्ष आझूर महिन्यापासून, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बसायचं. पण आधी खात्री करा, आकड्याच्या शेवटी उर्दू 'फे' अक्षर असेल तर फसली आणि 'हे' अक्षर असेल तर हिजरी, आणि हिजरी १३३१ निघाला तर तो १९१२-१३ येतो. काहीही निघालं तरी शंभरी ओलांडलेलीच आहे. दगड घासायला तारेचा ब्रश किंवा ॲसिड लावू नका हात जोडून सांगतो, साधं पाणी आणि मऊ ब्रश, आणि फोटो सकाळी ऊन तिरपं असताना काढा म्हणजे अक्षरांच्या कडा उठून दिसतात.

करोडगिरीबद्दल आजोबांचं बरोबर आहे. संस्थानाच्या हद्दीतून आत-बाहेर जाणाऱ्या मालावर कर घेणारं ते खातं. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि तुम्ही निजामाकडं, त्यामुळं जिथं जिथं गाडीवाट हद्द ओलांडायची तिथं नाका असायचाच. १९४७-४८ मध्ये हद्दीपलीकडच्या कॅम्पांमधून स्वातंत्र्यसैनिक आत येऊन जे हल्ले करायचे त्यात करोडगिरी नाके कायम असायचे, नाके जाळले, दफ्तरं जाळली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या, सोलापूरकडून नळदुर्गावर आल्या, आणि १७ तारखेला सगळं संपलं. म्हणजे तुमची इमारत त्या सगळ्या धामधुमीतून उभी राहिलेली आहे. गावात ऐंशी-नव्वदीची माणसं असतील तर इमारत कशी वाचली, हल्ला झाला होता का, हे मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका, ती माणसं किती दिवस आहेत.

कागदांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. तुमच्याकडचे जुने कागद उर्दूत आणि काही मोडीत निघतील, वाचणारा सोबत न्या नाहीतर कागद हातात येऊनही कळणार नाही काय आहे.

तेरणाकाठ

आमचं गाव तुमच्यापासून फार लांब नाही. आमच्याबी पेठेत आसाच एक वाडा व्हता, आडतीची पेढी व्हती त्यात, खाली धान्याचं पेव, वर मुनीम बसायचा, करडईचे आन जवसाचे ढीग ओसरीवर. नंतर त्यात ग्रामपंचायत भरायची. ७२ ला मी लहान व्हतो पण मिलोची पोती तिथं उतरायची ते डोळ्यापुढं हाय, लाल मिलो, बाहेरून आलेली ज्वारी, त्याची भाकर थापताना तुटायची, आई म्हणायची पीठ धरंना. दुष्काळी कामावर खडी फोडून आली की त्याच ओट्यावर हप्त्याचा पगार मिळायचा, लेकरांना सुकडी बी तिथंच वाटायचे.

त्यो वाडा पाडला. का पाडला तर धोकादायक हाय म्हणून. पाडताना जे झालं ते सांगतो, तुमच्या इथं होऊ देऊ नका. लाकूड लिलावात काढलं, पर घनफूट किती भरतंय ते कोणी मोजलंच नाही, जुन्या लाकडाचा व्यापारी आला, तुळया, खांब, कोरीव दारं, सगळं सरसकट जळणाच्या भावानं उचलून दोन ट्रक भरून गेला. जुनं सागवान आता पैसे देऊन बी मिळत नाही. घडीव दगड कुणाच्या कुणाच्या घराच्या पायात गेला. जागा आजून मोकळीच हाय, तिथं बाभळी उगवल्यात. तवा पयलं काम म्हणजे आत काय काय हाय, किती तुळया, किती खांब, किती दारं, ह्याची यादी फोटोसकट करा आन ग्रामसेवकाकडून पोच घ्या.

औसा_९३

मी औसा तालुक्यातला आहे आणि मला दुसरी बाजू मांडायची आहे, राग मानू नका.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले, पहाटे चार वाजायच्या आत सगळं झालं. जवळपास १० हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक माणसं दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या मातीखाली गेली. माझ्या घरातलीही गेली. त्यानंतर आमच्या भागात लोक दगडी घराच्या सावलीला झोपत नव्हते, बऱ्याच जणांनी चांगले वाडे वरून उतरवले आणि पत्रे टाकले, आणि त्या लोकांना अडाणी म्हणणारे मी ऐकलेत तेव्हा फार वाईट वाटतं.

म्हणून जुनी इमारत वाचवा जरूर वाचवा, पण कोपरा ढासळलेल्या इमारतीत तपासणीशिवाय एकही माणूस बसवू नका. आज रात्रीपासून त्या मागच्या भिंतीला दोर लावा, लेकरं तिथं लपंडाव खेळत असतील.

पेठकर_बालाघाट

औसा दादा, राग कसला. तुमचं बरोबर आहे, उद्याच बांबू बांधून घेतो. आमच्याकडंही त्या भूकंपानंतर वरच्या दोन खणांचं माळवद काढून पत्रा टाकलेला आहे, बाकी तीन खणांवर अजून माती आहे.

एक सांगायचं राहिलं, समोरची भिंत घडीव दगडाची आहे आणि चुन्यात आहे, अजून सुई जात नाही फटीत. मागची आणि बाजूची मात्र गोट्यांची आणि मातीतली वाटते, ढासळलेल्या जागी आत नुसती माती आणि कपच्या दिसतात. म्हणजे पेठेकडून शान आणि मागून काटकसर असं काम केलेलं आहे.

चुना_आणि_सळई

सिव्हिलवाला आहे, लातूर-धाराशिव भागात जुन्या बांधकामांची बरीच कामं केलीत. तुम्ही जे वर्णन केलं ते आपल्याकडचं अगदी ठराविक आहे. मातीतल्या दगडी भिंतीत बाहेरचा एक थर आणि आतला एक थर असतो, मधी कपच्या आणि माती भरलेली. दोन्ही थरांना बांधणारा आरपार जाणारा लांब दगड टाकलेला नसला की पाणी मधी शिरतं, माती फुगते, आणि बाहेरचा थर पोट काढतो. तुमचा कोपरा हालला नाही, तो भिजून सुटलाय. किल्लारीला जे बघायला मिळालं त्याचं मूळ कारणही तेच होतं, आरपार दगड नाहीत, कोपरे एकमेकांत गुंतवलेले नाहीत, आणि वर दरवर्षी पांढरी माती टाकून टाकून माळवद जड होत गेलेलं. दर पावसाळ्याआधी गळतंय म्हणून नवी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं, कुठं कुठं दीड-दोन फुटाचा थर सापडतो.

त्यामुळं पहिलं काम वजन उतरवणं. उरलेल्या तीन खणांवरची माती किलचापर्यंत, म्हणजे तुळयांवरच्या लाकडी पट्ट्यांपर्यंत, काढा, तुळयांची टोकं भिंतीत जिथं शिरतात तिथं टोचून बघा, कुजतात ती तिथंच, मधून चांगली दिसतात आणि टोकाला भुसा झालेला असतो. किलच बदलून वर हलकं छत करता येतं. दुसरं, मातीच्या भिंतीला ठराविक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात वाकवलेली सळई टाकून काँक्रीट भरायचं, म्हणजे जो आरपार दगड त्या वेळी टाकला नाही त्याचं काम ते करतं. ९३ नंतर हीच पद्धत आपल्या भागात घरं मजबूत करायला शिकवली होती. तिसरं, दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना बांधणारा सलग पट्टा. ढासळलेला कोपरा उतरवून त्याच दगडात पुन्हा बांधायचा, कोपऱ्याला लांब दगड आलटून पालटून.

आणि एक गोष्ट पाया पडून सांगतो, समोरच्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू देऊ नका. गावात कोणीतरी हौसेनं म्हणणारच की जरा गुळगुळीत करून रंग मारू. आतली ओल बाहेर पडायला चुना वाट देतो, सिमेंट ती कोंडतं आणि मग दगडाचा पापुद्रा सुटायला लागतो. बँकेनं आत जी काँक्रीटची खोली केली तिच्या आजूबाजूची जुनी भिंत हात लावून बघा, तिथं ओल असण्याची शक्यता जास्त आहे.

ऑनलाइन बघून मी इमारत सुरक्षित आहे का नाही सांगणार नाही, कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण कोपरा पडला म्हणजे सगळी गेली असंही नसतं.

फाट्यावरचा_दुकानदार

मी व्यापाराचं सांगतो. आमचं पेठेत आजोबांपासूनचं किराणा दुकान होतं, आता फाट्यावर आहे, स्वतःच्या मर्जीनं हलवलं नाही, गिऱ्हाईकच तिकडं गेलं. डांबरी रस्ता गावाबाहेरून गेला, एसटी फाट्यावर थांबायला लागली, मोटारसायकलवाला सोयाबीन घालून येताना फाट्यावरच खत, औषध, किराणा सगळं घेतो, पेठेत गाडी वळत नाही आणि लावायला जागा नाही. बँक पण त्यामुळंच गेली असणार.

मग ग्रामपंचायत पेठेत गाळे काढून देणार कोणाला? पाडायच्या बाजूच्या लोकांना हा एकच प्रश्न विचारा, की गाळा घ्यायला आज कोण तयार आहे, नाव सांगा, अनामत भरा. आमच्या शेजारच्या गावात पेठेतलं जुनं चावडीचं बांधकाम पाडून गाळे केले, दोन चालू आहेत, बाकीच्यांना शटर लावलेलं आहे आणि समोर म्हशी बांधतात. पेठेत आता रोजचं गिऱ्हाईक राहिलेलं नाही, पण आठवडी बाजार अजून पेठेतच भरतो ना तुमच्या? मग त्या दिवशी शंभर टक्के माणूस नाक्यासमोरून जातो. त्या ओट्यांचा आणि खालच्या खणांचा विचार बाजाराच्या हिशोबानं करा. लातूरची गंजगोलाई बघा, १६ रस्ते एका जागी येतात आणि मधी देवीचं देऊळ, शहर कितीही पसरलं तरी तिथली गर्दी हटली नाही कारण तिथं अजून रोजची खरेदी होते. इमारत सुंदर आहे म्हणून तिथं कोणी जात नाही.

माजी_सदस्य

ग्रामपंचायतीत एक टर्म काढली आहे म्हणून कागदाचं सांगतो. सगळ्यात आधी ग्रामपंचायतीतून त्या मिळकतीचा नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा काढा आणि मालकाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. माझा अंदाज आहे की गडबड तिथंच निघेल, कारण करोडगिरीची कचेरी म्हणजे संस्थानाची सरकारी इमारत, संस्थान विलीन झाल्यावर ती राज्य सरकारकडं आली, शाळा होती म्हणजे १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्यावर तिचंही नाव लागलेलं असू शकतं. वापर ग्रामपंचायतीचा असला म्हणजे मालकी ग्रामपंचायतीची होत नाही. तुमच्या गावाचा गावठाणाचा ड्रोन सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रकात काय चढलंय तेही बघा, चुकीचं चढलं असेल तर आत्ताच हरकत घ्या.

पाडायची तर सार्वजनिक इमारतीचा निर्लेखनाचा, म्हणजे ती निकामी ठरवून नोंदीतून काढायचा, प्रस्ताव लागतो, त्याला बांधकाम विभागाच्या इंजिनिअरचा तपासणी अहवाल लागतो. सरपंच म्हणाले आणि जेसीबी आला असं चालत नाही. माहिती अधिकारात त्या अहवालाची प्रत मागा. अहवाल नसेल तर धोकादायक हा शब्द कोणी कशावरून वापरला हे ग्रामसभेत विचारा आणि प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. तोंडी भांडण करून घरी जाऊ नका, जे बोललात ते वहीत उतरलं तरच उपयोग.

पैशाचं म्हणाल तर वित्त आयोगाच्या पैशावर फार भिस्त ठेवू नका, पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, उरलेल्या ४० मध्ये गावाची सगळी कामं. पुरातत्त्व खात्याकडं संरक्षित स्मारकासाठी अर्ज करता येतो पण ते लांबचं काम आहे, आणि एकदा संरक्षित झालं की खिळा ठोकायलासुद्धा परवानगी, मग तुम्हाला तिथं रोजचा वापर चालवणं अवघड जाईल. इनटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव घालणं तुलनेनं सोपं, त्यानं कायद्याचं संरक्षण मिळत नाही पण बाहेरच्या जाणकारांनी दखल घेतली एवढं ग्रामसभेत दाखवता येतं.

ग्रंथपाल_ताई

मी परभणी जिल्ह्यात एका गावच्या वाचनालयात काम करते, त्यामुळं तुमचं वाचनालय बंद पडलं हे वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. दादा, वाचनालय वर का ठेवलं होतं? पुस्तकं फार जड असतात, लाकडी तक्तपोशीवर कपाटं ठेवली की तुळया वाकतात, आणि गुडघे दुखणारी म्हातारी माणसं, जी पेपर वाचायला रोज येतात, ती जिना चढत नाहीत. मग हजेरी कमी, मग अनुदानाच्या तपासणीत अडचण. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणं अ ब क ड असे वर्ग आहेत, तुमचं कोणत्या वर्गात होतं आणि मान्यता अजून जिवंत आहे का हे आधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडं विचारा. मान्यता असेल तर ती मरू देऊ नका, नवीन मिळवण्यापेक्षा जुनी चालू करणं परवडतं.

माझं मत सांगू का? खाली बँकेची जी मजबूत खोली आहे तिथं पुस्तकांची कपाटं, ओट्यालगतच्या खणात पेपरचं टेबल, आणि दोन खण अभ्यासिकेला द्या. तुमच्या गावातल्या किती पोरी पोलीस भरतीचा, तलाठीचा अभ्यास करतात मोजून बघा. पोरं लातूरला, पुण्याला खोली करून राहतात, पोरींना घरचे पाठवत नाहीत. आमच्या इथं अभ्यासिका सुरू केली तेव्हा पहिल्यांदा पोरी आल्याच नाहीत, कारण टॉयलेट नव्हतं आणि बाहेर ओट्यावर टोळकं बसायचं. टॉयलेट बांधलं, लाइट लावली, ओट्यावर पेपर वाचणारी आजोबा मंडळी बसायला लागली, तेव्हा आईबापच आणून सोडायला लागले. हे ठरवताना ग्रामसभेत बायका नसतील तर आधी महिला ग्रामसभा मागा, तिथं हा विषय ठेवा. आमच्याकडं बायकांनी हात वर केले म्हणून काम झालं, पुरुष मंडळी गाळ्यांच्या वाटणीतच अडकली होती.

चुना_आणि_सळई

ताईंच्या म्हणण्याला दुजोरा. वरचा मजला पहिल्या टप्प्यात बंदच ठेवा, वजन नको, माणसं नको, फक्त गळती थांबवा. खालचे पाच खण चालू झाले तरी इमारत जगते. बंद इमारत सगळ्यात लवकर पडते, कारण कौल सरकलं, पन्हळ तुंबली, पिंपळाचं रोप आलं, हे बघणारा कोणी नसतो. पिंपळ असेल तर नुसता वरून कापू नका, मुळासकट काढून ती फट चुन्यानं भरा.

पेठकर_बालाघाट

सगळ्यांचे खरंच आभार, मला एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काय झालं ते सांगतो. दगडाचा फोटो सकाळच्या उन्हात काढला, आकड्यामागं फे स्पष्ट आहे, चाचांनीही मान्य केलं, म्हणजे १९२१-२२. ग्रुपवर टाकलं. मागच्या बाजूला बांबू बांधले. नमुना ८ काढला तर माजी सदस्य म्हणाले तसंच निघालं, मालकाच्या रकान्यात 'सरकार' आणि भोगवट्यात ग्रामपंचायत. सरपंचांना दाखवलं तर तेही जरा थांबले, म्हणाले मग आधी तहसीलला पत्र देऊ. तपासणी अहवाल कोणाकडंच नाही, तो मागितलाय. लाकडाची यादी मी आणि दोन पोरांनी मिळून केली, सज्ज्याचा एक खांब आधीच गायब आहे, तो कोणी नेला ते गावात सगळ्यांना माहीत आहे, यादी लागल्यावर तो परत येईल अशी आशा आहे.

आजीला विचारलं नाका जाळला का नाही. ती म्हणाली हल्ला झाला त्या रात्री दफ्तर बाहेर काढून पेठेत जाळलं, इमारतीला हात लावला नाही कारण शेजारच्या दुकानांना आग लागली असती, पेठेतली दुकानं आपलीच होती. हे मी रेकॉर्ड केलंय, अजून दोघांचं करायचंय, तिघांचं जुळतं का बघतो.

महिला ग्रामसभेचा अर्ज माझ्या बायकोनं आणि बचत गटाच्या बायकांनी दिलाय, अभ्यासिका आणि टॉयलेट हे दोनच विषय लिहिलेत. फाट्यावरच्या दादांचा अनामतीचा प्रश्न मी पारावर विचारून बघितला, अजून एकानंही गाळ्यासाठी नाव दिलेलं नाही.

आता एकच अडचण आहे. इथला एकही गवंडी चुन्यात काम करत नाही, सगळे सिमेंटवाले, आणि जो एक म्हातारा करायचा त्याच्या पोरानं टाइल्सचं काम धरलंय. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, नाहीतर बार्शीकडं कोणाला चुन्याचं काम खरंच येणारा गवंडी माहीत असेल तर मेसेज करा. आधी फक्त बघायला यायचं आहे, येण्या-जाण्याचा खर्च आणि दिवसाची मजुरी मी देतो.